पावती

मेहेर सिग्नलला, कोर्टाच्या भिंतीला टेकून
माझं झेरॉक्सचं दुकान. सात बाय नऊ.
सातबारा, जामिनाचे कागद, जातीचे दाखले,
सगळ्यांना वास एकच, तापलेल्या टोनरचा.

गुंफाबाई दर दोन महिन्यांनी यायची.
पदराखालून दुधाची पिशवी काढायची,
धुऊन वाळवलेली. आत पावत्या:
कुकरची, मोबाइलची, पोराच्या सायकलची,
सराफ बाजारातल्या दीड ग्रॅम फुल्यांची.
"दादा, अक्षरं उडायला लागली बघ,
पार जायच्या आत छापून दे."
हल्ली पावत्या निघतात त्या तसल्याच कागदावर,
उन्हानं, घामानं, नुसत्या दिवसांनी कोऱ्या होणाऱ्या.
मी एकदा हसून म्हटलं,
बाई, कुकरची पावती कोण मागतं?
ती म्हणाली, तुला नाही मागत.

पोराचं नाव सुभेदार.
नाक्यावर अडवलं की पहिली थप्पड नावाचीच.
मस्करी करतो काय रे?
दुसरी आडनावाची.
मग सायकल कुणाची.
नववीतच त्याला पाठ झालं होतं
हात कुठे ठेवायचे, आणि काही झालं तरी
पळायचं नाही.
मीही त्याच नाक्यावरून जातो, रात्री साडेदहाला,
डिक्कीत दिवसाची रोकड,
लायसन्स संपून दोन वर्षं झालेली.
मला अजून कुणी हात केलेला नाही.

सिंहस्थासाठी शहर घासूनपुसून निघत होतं.
खांबांवर कॅमेरे, घाटावर नवा दगड,
आणि पेठ रोडच्या पालांवरून
पहाटे भरून जाणाऱ्या गाड्या.
खबरदारी म्हणून, असं पेपरात आलं.
त्या बातमीच्याही चार प्रती मी काढल्या,
एका वकिलाला हव्या होत्या.

मग माझंच दुकान फुटलं.
लॅपटॉप, मशीनचा नवा ड्रम, गल्ल्यातले अठराशे.
हवालदारानं बशीत चहा ओतत विचारलं,
"त्यांच्यातलं कुणी येतं का इकडे?"
नाही म्हणता आलं असतं.
मी म्हणालो, एक बाई येते.
एवढंच.
चोर हा शब्द मी वापरला नाही.
माझी भाषा पहिल्यापासून चांगली आहे.

सुभेदार तीन रात्री आत होता.
लॅपटॉप सापडला सिडकोत,
माझ्या आधीच्या पोऱ्याच्या मेव्हण्याकडे.
सुभेदार सुटला त्या दुपारी
सुजलेल्या पायात चप्पल शिरेना,
ती हातात घेऊन माझ्या दुकानावरून गेला.
मी मशीनचं झाकण उघडून
उगाच आत बघत राहिलो.

पुढे चहावाल्या जुबेरकडून कळलं.
त्या रात्री गुंफाबाईची सासू समोरच झोपली होती,
फुग्यांच्या काड्या उशाशी घेऊन.
तिनं शटर वर जाताना पाहिलं,
टेम्पोच्या पाठीवरचा मोर पाहिला,
एक दिवा फुटका, तोही पाहिला.
उठली, काड्या गोळा केल्या,
कोर्टाच्या मागच्या अंगाला जाऊन पडली
तोंडावरून गोधडी घेऊन.
चौकी चाळीस पावलांवर.
दिवा चालू होता म्हणे.

तिची एक पावती माझ्या काचेवर राहिली होती.
रविवारी घेऊन गेलो पालांवर.
स्कूटरचा आवाज आला तशी पोरं पांगली,
माणसंही. बांधलेली शेळी तेवढी थांबली.
गुंफाबाई, मी हाक मारली,
झेरॉक्सवाला आहे.
ते सांगून उपयोग नव्हता.
त्यांना माहीतच होतं.

पावती दगडाखाली ठेवली.
वाचण्यासारखं तिच्यावर काही उरलं नव्हतं,
कुकर हा शब्द अर्धा.
कडुनिंबाखाली तीन दगडांवर तोच असावा,
शिट्ट्या देत होता.
चार. पाच.
जाळ ओढायला
कुणी बाहेर येईना.